अस्वलदरीची निरंक नोंद

पांढरकवडा,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ममता,

तुला सप्रेम जयभीम आणि पुण्यातल्या तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणींनाही.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या मामीचा गुडघा पुन्हा कुरकुर करतो. पण त्याच गुडघ्यावर ती रोज संध्याकाळी विहारात जाऊन येते. तेव्हा तो फक्त माझ्याशी बोलतानाच दुखतो असं माझं मत आहे. हे तिला कळवू नको.

तू म्हणशील, मामा फोन काहून करत नाही? फोनवर तू "हो मामा, हो मामा" करते आणि तिकडे लॅपटॉपवर तुझी बोटं टकटक चालूच असतात, मला ऐकू येते. कागदावर माणूस एकदा बसला की बसला. आणि पस्तीस वर्षं वनरक्षक म्हणून रजिस्टरं लिहिली, हाताला सवय सुटत नाही.

तुझा नकाशा मिळाला. जेवणाच्या टेबलावर पसरून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, तेव्हा कुठं तो सरळ झाला. आपला केळापूर तालुका असा लाल, पिवळा, निळा रंगवलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मामी म्हणे, "काय होय हे, पाऊस का?" मी म्हटलं, "चारोळी होय."

मला समजलं ते सांगतो, चुकलं तर कान धर. चारोळीचं झाड जिथं खरंच सापडलं त्या जागा तू मशीनला सांगितल्या. जिथं शोधून सापडलं नाही त्याही सांगितल्या. मग प्रत्येक जागेचा पाऊस, ऊन, उतार, माती आणि उंची दिली. त्यावरून मशीननं झाडाची आवडनिवड ओळखली, आणि जिथं तुमच्यापैकी कुणी पाय ठेवला नाही तिथलंही सांगू लागली. लाल म्हणजे असेल, निळं म्हणजे नसेल. तुम्ही याला प्रजातींच्या वितरणाचं मॉडेल म्हणता. मला तर सोयरीक जुळवणारा माणूस आठवला. त्यानं पोरगी पाहिली नसते, पण घराणं अन् गाव ऐकून "जमते" म्हणतो, आणि दहापैकी सात वेळा जमतेही!

आधी म्हणणार होतो की हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. पण माझ्या जुन्या बीटमधल्या लाल जागा एकेक बोट ठेवून पाहिल्या आणि गप्प बसलो. मुरमाड उतार, नाल्यापासून वर, सागाच्या कडेकडेनं. बरोबर, बरोबर, बरोबर. आम्हाला जे चालून चालून, जोडे झिजवून कळलं, ते हिला बसल्या जागी कसं कळलं? एक सांग, तिला कातळ कळतो का? वणवा कळतो का? अस्वल कळते का? चारं, म्हणजे चारोळीची फळं, पिकली की अस्वल खाते आणि त्याच्या शेणातून बी पसरते. ते तू कुठल्या खान्यात भरलं?

आता तुझा प्रश्न. तू लिहिलं आहे, "मामा, एक कोडं सुटत नाही. पाऊस, माती, उतार सगळं पाहता अस्वलदरी गडद लाल यायला हवी. पण तुमच्या रजिस्टरात तिथल्या अकराही ठिकाणी तिन्ही वेळच्या मोजणीत चारोळी निरंक आहे. तुमच्या नोंदी घातल्या की दरी निळी होते, काढल्या की लाल. सर म्हणतात प्रत्यक्ष पाहिलेल्यावर विश्वास ठेवायचा. मी तुमच्यावर ठेवला. पण तिथं झाड काहून नाही?"

बाई, जंगलात कारणं काय थोडी असतात? वणवा असेल. खाली कातळ असेल. पूर्वी कुणी तोडली असतील. सगळं काही मापात बसत नाही. नकाशा फार सुंदर झाला आहे, तो जसा आहे तसाच राहू दे.

मामीनं तिळाची चटणी करून ठेवली आहे. ती पाठवतो.

तुझा,
धम्मरत्नमामा


पांढरकवडा,
२ मार्च २०२५

प्रिय ममता,

जयभीम. तुझं काम कुठवर आलं? सरांची तब्येत बरी आहे ना? इकडे ऊन आत्तापासूनच डोक्यावर बसलं आहे.

मी एक उद्योग केला. मामी म्हणते, रिटायर झालेल्या माणसाला घरात बांधून ठेवलं पाहिजे. तुझा नकाशा घेतला आणि माझ्या जागी आलेला नवा वनरक्षक देवसिंग राठोड याला म्हटलं, "चल, काढ गाडी. पोरीच्या मशीनची परीक्षा घेऊ." मला जिथं चारोळी ठाऊक नाही अशाच दोन लाल जागा मी मुद्दाम निवडल्या होत्या.

पहिली जागा हैदराबादच्या रस्त्यावर, एका ट्रकवाल्यांच्या ढाब्याच्या मागं. तिथं चारोळी म्हटल्यावर देवसिंग हसला. ढाब्याच्या मागं गेलो तर काय सांगू! नऊ झाडं. काळी, मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची साल आणि वर पांढुरका मोहोर. एकाला जुनं टायर टांगलेलं, दुसऱ्याला दोरी बांधून चादरी वाळत घातलेल्या. ढाबेवाला म्हणतो, "ये चारोली है? हम तो इसको पार्किंग बोलते हैं." या रस्त्यानं मी हजार वेळा गेलो असेन, ममता, आणि मागं वळून एकदाही पाहिलं नाही. त्या टायरच्या झाडाखाली मी लहान पोरासारखा हसत उभा राहिलो. देवसिंगला वाटलं, ऊन लागलं.

दुसरी जागा म्हणजे एक कपाशीचं शेत निघालं. एकही झाड नाही. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, म्हटलं फसली मशीन. तर बांधावर मथुराबाई नावाची म्हातारी बसली होती. तिला विचारलं तर ती म्हणे, "होती न बापा. माह्या लग्नात मांडवाले त्याच झाडाच्या डांगा होत्या. मंग वावर काढलं." म्हणजे मशीन तिथंही खरीच. जमीन झाडाला आवडते हे तिला कळलं, ते तोडलं हे कसं कळणार?

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा आहे. म्हणून विचारतो, नुसतं माहितीसाठी. एखाद्या माणसानं कधी चुकीची नोंद केली असेल तर मशीनला संशय येतो का? "हा माणूस खोटं बोलतो" असं ती कुठं दाखवते का? आणि एखादी नोंद आता बदलली तर नकाशा पुन्हा काढायला किती दिवस लागतात?

चोराच्या मनात चांदणं म्हणशील. म्हण.

आणखी एक बातमी आहे. परत येताना चहाला थांबलो तेव्हा देवसिंगनं सांगितली. तुझा नकाशा वरच्या कचेरीत पोचला आहे आणि त्यावरून लागवडीचा आराखडा होत आहे. जिथं लाल तिथली चारोळी राखायची, आणि निळ्या भागात खोदाईच्या मशीननं चर काढून साग लावायचा, तारेचं कुंपण घालायचं, आत कुणाला जाऊ द्यायचं नाही. पहिला नंबर अस्वलदरीचा. पंचवीस मार्चला बैठक आहे, तिथं मंजूर झालं की मशीन उतरते.

मी म्हटलं, "देवसिंग, तू दरीत उतरून पाहिलं का?"

"कायले उतरू, काका? सहा महिने झाले मले येऊन. रजिस्टर निरंक आहे. तेही तुमच्या हातचं. तुमच्या रजिस्टरावर मी शंका घेऊ का?"

चहा तसाच राहिला.

दरीच्या वरच्या अंगाला कोलामांचा एक पोड आहे, बारा-चौदा घरांचा. रामीबाई नावाची एक बाई तिथं राहते. तिच्याकडे एकदा जाऊन यावं म्हणतो. बरेच दिवस झाले.

फोन करू नको. मी लिहितो.

तुझा मामा


पांढरकवडा,
१६ मार्च २०२५

ममता,

तुझा एका ओळीचा मेसेज आला. "मामा, तुम्ही अस्वलदरीत स्वतः खाली उतरला होता ना?"

हो. उतरलो होतो. चारोळीची झाडं होती, पुष्कळ होती, आणि मी निरंक लिहिलं.

आता सगळं सांगतो. मध्ये थांबवू नको म्हणूनच कागदावर सांगतो.

१९९७ साली मी पलीकडच्या माथाखोरीतली झाडं मोजली. दोनशे चौदा. एकेक झाड खरं, एकेक ठिकाण खरं. कागद वर गेला, तिथून कुठं गेला मला माहीत नाही. पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या तरी व्यापाऱ्याची माणसं ट्रक घेऊन आली. चारं पिकेपर्यंत थांबायलाही त्यांना वेळ नव्हता. फांद्या तोडायच्या, कच्ची फळं झोडायची, फांदी हाताशी येत नसेल तर झाडच पाडायचं. मी रिपोर्ट केले, ओरडलो, एकदा मारही खाल्ला. दोन हंगामांत तिथं बुंधे राहिले.

ट्रक पहिल्यांदा आले त्याच उन्हाळ्यात मी मोजायला अस्वलदरीत उतरलो. रामीबाई खाली चारं वेचत होती. तेव्हा ती तिशीची असेल, नवरा नुकताच गेलेला, पाठीशी लहानगा मारोती. मला म्हणाली, "काय लिवता साहेब?"

"झाडं मोजून राह्यलो."

"माथाखोरीतली लिवली, तवा काय झालं? तुमच्या लिवण्यानंच त्याइले वाट दाखवली न? हे नका लिवू. पोडातले लोक पिकल्याबिगर एक चार तोडत नाही. इथं कोणी येत नाही म्हून झाडं हायेत."

मी तिच्यासमोर पेन्सिलनं अकरा ठिकाणी निरंक लिहिलं. घरी येऊन शाईनं गिरवलं. त्या रात्री मला चांगली झोप लागली, हेही सांगतो. ते पाप आहे असं मला आजही वाटत नाही. २००३ ला आणि २००८ ला तर मी मोजणीला दरीत उतरलोच नाही, मागचं पाहून पुढं उतरवलं.

पाप नंतरचं आहे.

२०१० मध्ये पोडानं वनहक्काचा सामूहिक दावा टाकला. अस्वलदरी आमची, पिढ्यान्पिढ्या तिथं चारोळी वेचतो, असं त्यांचं म्हणणं. पडताळणीला साहेब लोक आले. मृग लागला होता, दरीची वाट निसरडी, खाली उतरायला कुणी तयार नव्हतं. पोडाच्या वतीनं एकटा मारोती आला होता, तोच बोलला; तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. मग साहेबांनी मला विचारलं, "मुनेश्वर, आहे का हो दरीत चारोळी?"

मी म्हणालो, "साहेब, रजिस्टर पाहा." आणि रजिस्टर पुढं सरकवलं.

तोंडानं मी खोटं बोललो नाही, असं मी पंधरा वर्षं स्वतःला समजावत आलो. हो म्हटलं असतं तर बारा वर्षांची खोटी नोंद उघडी पडली असती. नोकरी गेली असती. घराचं काम अर्धं होतं, तू आमच्याकडे राहून अकरावीला जात होती. कारणं आहेत, पण ती माझी आहेत, पोडानं त्यासाठी काहून मरावं? दावा अस्वलदरीपुरता नामंजूर झाला. मी त्यांना कधी काहून ते सांगितलं नाही.

गेल्या रविवारी रामीबाईकडे गेलो. ती दारात सूप घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं, सागाचं, तुझ्या नकाशाचं, रजिस्टराचं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे आमचा दावा तुह्या रजिस्टरानं गेला?"

"हो."

"अन् मी त्याच्या मांगं लागली! पंधरा वर्सं मारोतीले टोचून राह्यली मी. ‘तुले साहेबापुढं नीट बोलता आलं नाही, म्हून दरी गेली,’ असं. तवापासून तो पोरगा कोणत्या सभेत तोंड उघडत नाही, माहीत हाय तुले?"

मला माहीत नव्हतं. आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, "रामीबाई, माझी नोकरी गेली असती."

"मंग गेली असती," ती म्हणाली. ओरडून नाही, सरळ. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, त्या मी खाल्ल्या असत्या.

मग मी विचारलं की आता काय करायचं ते तूच सांग. लिहिलं तर दरी लाल होईल, साग टळेल, पण पुन्हा ट्रकवाल्यांना वाट दिसेल. न लिहिलं तर खोदाईची मशीन उतरेल. ती म्हणाली, "तवा मी एकटी होती. आता पोड आहे, राखण करू. लिव. पण तू नको मोजू. आमी मोजतो, तू नुसता लिव. अन् मारोतीले तू तुह्या तोंडानं सांग."

मारोतीला सांगितलं. तो आत निघून गेला.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तो दरीच्या तोंडाशी उभा होता. रामीबाई, मारोती, पोडातल्या चार बायका, देवसिंग आणि मी, असे सगळे उतरलो. रामीबाईनं पहिल्या झाडाला हात लावला आणि "लाभ" म्हणाली. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत ना, तसं. मग दोन, तीन. देवसिंग फोनवर प्रत्येक झाडाचं ठिकाण घेत होता आणि दर दहा झाडांनी म्हणत होता, "काका, हे निरंक होय का?" त्याचा मला राग आला नाही. तीन दिवस लागले. चारशे सात झाडं, सगळी मोहोरावर.

यादी सोबत आहे, देवसिंगनं फोनवरूनही पाठवली असेल. तुझ्या मॉडेलमध्ये नोंद करणाऱ्याच्या जागी रामीबाई आणि मारोती अशी नावं घाल, माझं नको. माझ्या बाकीच्या नोंदी खऱ्या आहेत. पण मी म्हणतो म्हणून मानू नको, जमतील तितक्या तपासून घे. तुझा नकाशा बिघडला, सरांपुढं तुला खाली पाहावं लागेल, हे मला कळते. मशीन पहिल्यापासून बरोबर सांगत होती. तू तिचं सोडून माझं ऐकलं.

पंचवीसच्या बैठकीत मी लेखी कबुली देणार आहे, एक प्रत साहेबांना, एक ग्रामसभेला. पेन्शनचं काय होईल ते होईल. मामीला सांगितलं आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल संध्याकाळी म्हणाली की ती पण बैठकीला येते.

आता शेवटचं. तिसऱ्या दिवशी मोजणी संपली, सगळे नाल्याशी पाणी प्यायला बसले. तेव्हा तीन दिवसांत मारोती पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"साहेब, त्या दिशी मी काय बोल्लो होतो, ध्यानात हाय तुमच्या?"

"आहे."

"मंग मायले सांगा."

मला ते विसरणं शक्यच नव्हतं. मी रामीबाईकडे तोंड केलं आणि सगळ्यांसमोर शब्द न् शब्द सांगितला. तुझा पोरगा त्या दिवशी साहेबांपुढं ताठ उभा राहून म्हणाला होता, "साहेब, माह्या आज्यापासून आमी या दरीत चारं वेचतो. कागद आमच्याजवळ नाही. झाडं हायेत. दहा मिनिटाची उतरण हाय. तुमी खाली चला, मी दाखवतो."

कुणी खाली गेलं नाही. साहेबांच्या बाजूला वाट माहीत असलेला मी एकटाच होतो आणि मीही गेलो नाही.

रामीबाईनं मारोतीचा हात धरला आणि ती रडली. मी वर चढून आलो.

हे पत्र सरांना दाखव. माझं नाव झाकू नको.

अस्वलदरीची खोटी नोंद करणारा,
धम्मरत्न मुनेश्वर
सेवानिवृत्त वनरक्षक